सोड गा!

नागपुरात सक्करदऱ्याकडच्या त्या कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम यंदा कशी आहे, हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचं असेल त्यानं प्राचार्यांना विचारू नये. कोचलाही विचारू नये. मैदानाच्या गेटातून आत शिरावं, डाव्या हाताला सिमेंटच्या पायऱ्यांवर तीन म्हातारी माणसं दिसतील, त्यांच्याजवळ नुसतं उभं राहावं. विचारायचीसुद्धा गरज नाही, तेच सांगतात.

मधोमध बळीराम. तीस वर्षं एसटीत होता, त्यातली बावीस बस स्टँडच्या माइकपुढे. "खाप्याकडे जाणारी गाडी फलाट सातवर लागलेली आहे," असं त्यानं म्हटलं की बाकावर झोपलेला माणूस उठून पिशवी उचलायचा. रिटायर झाल्यावर माइक ठेवून घेतला सरकारनं, आवाज कसा ठेवून घेणार? तो बळीरामानं घरी आणला. घरच्यांनी दोन महिने सोसला आणि मग सून म्हणाली, "बाबा, संध्याकाळचं फिरायले काहून नाही जात तुम्ही?" तेव्हापासून बळीराम मैदानावर. घरात त्याचं कोणी ऐकत नव्हतं, इथे निदान दोघं ऐकायची.

त्या दोघांतला एक श्रीधर. सरकारी कचेरीतला जुना कारकून. बोलणं पुस्तकातलं, पण धीर शेंगदाण्याएवढाही नाही. बॉल आपल्या गोलजवळ आला की हा शेजाऱ्याचं मनगट धरतो. दुसऱ्या यमुताई, गणिताच्या बाई. चाळीस वर्षं पोरं नापास करून हात बसलेला, त्यामुळे टीमला पास करणं त्यांच्या फार जिवावर यायचं.

यंदा टीमही तशीच होती म्हणा. जुन्या आठ जणी पदवी घेऊन निघून गेल्या आणि अकरातल्या आठ जणी पहिल्या वर्षाच्या आल्या, कोवळ्या. पहिली मॅच चार-शून्यनं गेली. त्या दिवशी बळीरामानं पायऱ्यांवरून इतके सल्ले दिले की मॅच संपल्यावर कोच विक्रम सर स्वतः चालत आले.

"काका, तुमचं प्रेम समजते मले. पण बाहेरून आवाज आला की पोट्ट्या गडबडतात. पुन्हा एक आवाज दिला तर तुमच्यासाठी गेट बंद. मग पाहा भिंतीवरून."

भिंत आठ फुटांची होती. बळीराम गप्प झाला. दुसरी मॅच त्यानं रुमाल तोंडात धरून पाहिली आणि ती एक-एक अशी बरोबरीत सुटली, यावर यमुताईंनी जो अर्थ काढायचा तो काढला.

बळीरामाचा सगळा जीव होता चार नंबरच्या प्रीतीवर. भिवापूरची पोरगी, काटक, टीमची स्टॉपर. म्हणजे आपल्या गोलपुढे उभं राहून आलेला बॉल परतवायचं काम तिचं. "हे पोट्टी टीमले तारते, लिहून ठेव," असं तो श्रीधरला रोज सांगायचा. तिच्यात खोट एकच, मैदानात बोलायची नाही. सर ओरडून ओरडून थकले, पण तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

तिसरी मॅच. शेवटची पाच मिनिटं, शून्य-शून्य. पहिल्या वर्षाच्या पोरींनी गेल्या वर्षीच्या विजेत्या टीमला रोखून धरलं होतं. पायऱ्यांवर कोणी श्वास घेत नव्हतं. सर पलीकडच्या टोकाला स्वतःच ओरडत होते, तेवढ्यात समोरून एक लांब बॉल पायऱ्यांच्या बाजूला आला. प्रीती त्याच्यावर गेली, तिनं पाय उचलला, आणि इकडे श्रीधरनं बळीरामाचं मनगट असं आवळलं की घड्याळाचा पट्टा चामडीत रुतला.

"अबे, सोड गा!" बळीराम कळवळला.

बावीस वर्षांचा कमावलेला आवाज तो. तिकडे प्रीतीनं उचललेला पाय खाली ठेवला. बॉल तिच्या बाजूनं गेला, गोलकीपर अदिती पुढे यायच्या आत समोरच्या एका पोरीनं तो जाळ्यात ढकलला. झालं. एक-शून्य.

मग पायऱ्यांवर नेहमीप्रमाणे मूल्यमापन सुरू झालं.

"चार नंबर," श्रीधर म्हणाला. "अख्ख्या मोसमाचं दुखणं एकच, चार नंबर. भिवापूर म्हणजे मिरचीचं गाव, तिथली म्हणून तिखट असेल वाटलं, ही तर सिमला मिरची निघाली!"

"तीन मॅचेस, एक गुण," यमुताई म्हणाल्या. "नापास. पण श्रीधर, एक गणित मला सुटत नाही. पोरगी बॉलवर बरोबर गेली होती. मग थांबली. कोणीतरी थांबवल्यासारखी थांबली."

बळीराम मनगट चोळत होता. चोळता चोळता त्याचा हात जागच्या जागी राहिला. अरे बाप्पा! 'सोड' तर आपणच ओरडलो होतो.

तेवढ्यात विक्रम सर समोरून गेले. श्रीधरनं विचारल्यावर चालता चालता म्हणाले, "प्रीतीले बसवून राहिलो शुक्रवारपासून. मिनल खेळेल. ऐन वेळी बॉल सोडते म्हणजे काय? विचारलं तर बोलायले तयार नाही."

बळीराम घरी गेला. सुनेनं भरल्या वांग्याची भाजी केली होती, ती त्यानं चिवडली आणि उठला. आता माणसाचं मन कसं लबाड असतं पाहा. सांगितलं तर गेट बंद आणि संध्याकाळी पुन्हा घर. नाही सांगितलं तर त्या लेकराची जागा गेली. अशा पेचात मन लगेच वकील शोधतं, आणि बळीरामाला तो सापडलाही. आपण 'गा' म्हटलं. 'सोड गा!' गा म्हणतात गड्याला. पोरीला 'वं' म्हणतात. नागपुरातलं शेंबडं पोरही सांगेल. मग पोरीनं ते स्वतःवर कशाला घ्यावं? नाहीच घेतलं. तिचं तिनंच सोडलं. विषय खतम!

इतकं बिनतोड उत्तर मिळूनही झोप काही लागली नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो एकटाच पायऱ्यांवर येऊन बसला. प्रॅक्टिस सुरू होती. तोंडात रुमाल नव्हता, पण बोलायची इच्छाच नव्हती, म्हणून तो नुसता ऐकत बसला. आणि काय ऐकू आलं?

"पास दे गा!"

"मागं पाहा गा, मिनल!"

"अबे, मारून राहिली का झोपून राहिली गा तू?"

एक प्रीती सोडली तर सगळ्या पोरी एकमेकींना गा म्हणत होत्या! एकीच्या तोंडी 'वं' नाही. मैदानात उतरली की प्रत्येक जण गडीच. दीड महिना हे कानांवर पडत होतं आणि बळीरामानं एकदाही ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? हा स्वतःच ओरडत होता ना!

वकील पळून गेला. बळीराम उठला, पांढरी रेघ ओलांडून थेट मैदानात शिरला.

"सर, काल आवाज मी देल्ला."

विक्रम सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "कोणता आवाज?"

"सोड गा म्हणून. श्रीधरनं माझा हात धरला होता, मी त्याले म्हटलं. हिले वाटलं, हिलेच म्हटलं. पोरीची काही चुकी नाही. तिले बसवू नका. मले काढा."

सगळ्या पोरी गोळा झाल्या. सरांनी प्रीतीकडे पाहिलं. "खरं आहे काय हे?"

प्रीती बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली.

"मी सांगते सर," अदिती म्हणाली. मॅचच्या आधीपासून बसलेला तिचा घसा अजून तसाच होता, आवाज एखाद्या कंडक्टरसारखा निघत होता. "तिले वाटलं, मीच म्हटलं. गोलकीपर 'सोड' म्हणाली की स्टॉपरनं बॉल सोडायचा असते. मॅच झाल्यावर मी सांगितलं, मी तर तोंडही नाही उघडलं. तेव्हाच तिले समजलं आवाज कोणाचा होता. मलेही शपथ घातली तिनं, सांगू नको म्हणून."

"काहून वं?" बळीराम कसाबसा म्हणाला. "माझ्यापायी तू तुझी जागा सोडून राहिली होती?"

प्रीतीनं मान वर केली. "गेट बंद झालं असतं ना आजोबा तुमचं," ती म्हणाली. "भिवापूरहून कोण येते माझी मॅच पाहायले? तुम्हीच तर 'चार नंबर, चार नंबर' करता. तेवढंच बरं वाटते मले."

बळीरामाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो ते लपवायच्याही भानगडीत पडला नाही.

सर म्हणाले, "प्रीती शुक्रवारी खेळेल. आणि काका, नियम तो नियम. दोन मॅचेस गेटबाहेर."

"मंजूर," बळीराम म्हणाला आणि वळला.

तो गेटापर्यंत पोचला तोच मागून पावलं वाजली. प्रीती पळत आली होती, धापा टाकत.

"आजोबा, भिंतीच्या बाहेरून दिसत तर काही नाही. पण ऐकू येईल ना?"

"हाव, येईल की."

"मग या शुक्रवारी. आता तुम्ही ऐका, मी ओरडीन."

शुक्रवारी आठ फुटी भिंतीला पाठ लावून बळीराम बाहेर उभा राहिला. रस्त्यावरचे ऑटो, भाजीवाल्याचा भोंगा, सगळ्या कल्लोळात तो कान देऊन होता. बराच वेळ काहीच नाही. मग आतून एक कोवळा, चिरका, पण अख्ख्या मैदानभर पोचेल असा आवाज आला, "माझा आहे! सोड गा!" आणि पाठोपाठ बॉलवर दणकून बसलेली लाथ.

शेजारी उभ्या भाजीवाल्याला वाटलं, आत भांडण लागलं.

"कोण ओरडून राहिलं एवढं?" त्यानं विचारलं.

"आमची चार नंबर," बळीराम हळू आवाजात म्हणाला. "भोंगा बंद कर ना गा, ऐकू दे."