वीतभर काठ

आंधळगावचे विणकर मोतीलाल ज्या जुन्या सॉफ्टवेअरवर साडीचे काठ आखत, ते नव्या कंप्युटरवर चालेना. म्हणून सून स्वातीने नव्याच्या पोटात एक जुना कंप्युटर बसवून दिला, व्हर्च्युअल मशीन.

"मामाजी, काही बदलायच्या आधी स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मशीनची त्या घडीची नक्कल. बिघडलं तर तिथवर मागं जाता येते."

आठवडाभर खपून त्यांनी मोराचा काठ आखला. मग कुठलीशी सेटिंग बिघडली आणि ते आठवड्यापूर्वीच्या स्नॅपशॉटवर मागे गेले. मशीन सुधारलं, पण मोर उडाला.

"मागावर चुकलं तेवढंच उसवतो आपण," ते म्हणाले. "यानं सारंच काहून उसवलं?"

स्वातीचं डोकं तडकलं. "सारंच मागं जाते, मामाजी. म्हणून तर म्हटलं होतं, काम मशीनच्या बाहेरच्या फोल्डरात ठेवत जा."

मोतीलाल उठून मागाकडे गेले. नवा काठ आधी वीतभर विणून पाहिल्याशिवाय त्यांचा त्यावर भरवसाच बसत नसे. मोराच्या काठाचा तसा आधीच विणलेला तुकडा आणून त्यांनी स्क्रीनशेजारी ठेवला. त्यात मोर तुऱ्यासकट पुरा होता.

"बाहेरच ठेवलं होतं, बाई," ते म्हणाले. "तू यात पाहून एकेक धागा सांगत जा, मी पुन्हा आखतो."