मोठ्या डॉक्टरांचा पुढचा दात

माझ्या वडिलांनी स्वतःचा पुढचा दात तोडला, तो माउथवॉशची बाटली दातांनी उघडताना. हे आधीच सांगून टाकते, कारण ते सगळ्यांना जिन्यावरून पडलो म्हणून सांगत फिरतात. आमच्या घराला जिना नाही.

ते दातांचे डॉक्टर आहेत. मीही आहे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत त्यांनी स्वतः लावलेली पाटी आहे: 'दात चावण्यासाठी आहेत. झाकणं उघडायला हात वापरा.' ती बाटली पाटीच्या खालच्याच कपाटातली.

दवाखान्यात दोन खुर्च्या. खिडकीजवळची त्यांची, आतली माझी. लोक त्यांना मोठे डॉक्टर म्हणतात आणि मला छोटी. मी चाळिशी ओलांडली, मला चष्मा लागला, माझा मुलगा दाढी करायला लागला, तरी मी आपली छोटीच. मोठे डॉक्टर मोकळे नसले तरच लोक माझ्याकडे येतात आणि तेही तोंड उघडण्याआधी पाडून.

बाबांचा जमाना चांदीचा. दाढ किडली की कोरायची आणि चांदी ठासून भरायची. या भागातल्या निम्म्या लोकांनी जांभई दिली की बाबांचं काम चमकतं. माझं काम वेगळं. दाताच्याच रंगाचं मटेरियल पातळ थरांनी लावायचं, निळ्या दिव्याखाली घट्ट करायचं, मग घासून असं बसवायचं की खरा दात कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला हे कुणाच्या बापाला कळू नये. बाबा याला पुट्टी मारणं म्हणतात. मी त्यांच्या कामाला भंगार म्हणते. आई म्हणते, जेवताना तरी लोकांच्या तोंडातलं काढू नका.

हे भांडण आम्ही सुखाने मरेपर्यंत चालवलं असतं. पण बाबांचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहाच्या कपावर दिसलं, मग सहीत. मग एक दिवस पोस्टातल्या बाई त्यांच्या खुर्चीत असताना हातातलं मशीन निसटलं आणि बाईंच्या ओठाला लागलं. थोडंच रक्त आलं. बाबा खेकसले, "हलू नका म्हटलं होतं ना!" बाई बिचाऱ्या हललेल्या नव्हत्या, मी समोरून बघत होते. वर त्यांनीच बाबांची माफी मागितली. त्या दिवशी मला बाबांची इतकी लाज वाटली आणि इतकी कीव आली, की मी आत जाऊन उगीचच सगळी हत्यारं पुन्हा उकळत ठेवली. आज ओठ, उद्या जीभ. त्यांनी खुर्ची सोडायला हवी होती आणि हे सांगणारी मीच होते. रोज सकाळी सांगायचं ठरवायची आणि रोज संध्याकाळी शेपूट घालून घरी जायची.

आणि मग ती बाटली. मी दारात उभी होते, त्यांना माहीत नव्हतं. झाकणावरचं प्लॅस्टिक त्यांच्या बोटांत धरलं जाईना. परत परत निसटायचं. शेवटी त्यांनी इकडेतिकडे बघितलं, चोरासारखी बाटली तोंडाला लावली आणि कट् असा आवाज झाला. पुढच्या दाताचा कोपरा तिरका उडाला होता. थेट गल्लीतला गुंड दिसत होते.

म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "बाबा, तुमचा हात."

"हाताचं काय? दात तुटलाय माझा."

"हातामुळेच तुटलाय. खुर्ची सोडा आता. कुणाला तरी लागेल."

ते बराच वेळ जिभेने तुटका कोपरा चाचपत राहिले. मला वाटलं, आता फुटणार ज्वालामुखी. पण बाबा हसले आणि त्या नव्या फटीतून वारा आला.

"ठीक आहे. तू हा दात कर. तुझ्या त्या पुट्टीने. उद्या सकाळी मी आरशात बघणार. जोड सापडला नाही, तर मी खुर्ची सोडली. सापडला, तर हा विषय परत काढायचा नाही. आहे हिंमत?"

आहे हिंमत, असं कुणी मला म्हटलं की माझं डोकं चालणं बंद होतं. हे त्यांना माझ्या जन्मापासून माहीत आहे.

मी त्यांना माझ्या खुर्चीत झोपवलं. दवाखाना उघडल्यापासून ते पहिल्यांदाच त्या खुर्चीत येत होते आणि आल्या आल्या उशी टणक आहे, दिवा वाकडा आहे आणि छताला कोळिष्टक आहे, असे शोध लावून मोकळे झाले. आमच्याकडे एक नियम आहे, त्यांनीच घातलेला. दुखलं तर डावा हात वर करायचा, डॉक्टर लगेच थांबणार. कितीही घाई असो, थांबणार. पोरं तर नुसती गंमत म्हणून हात वर करतात, तरी आम्ही थांबतो. हा नियम बाबांनी कधी मोडला नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

आता रंगाचं सांगते, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. आमच्याकडे खोट्या दातांची एक पट्टी असते, पिवळटपासून पांढऱ्यापर्यंत; ए-वन पांढरा, पुढे आकडा वाढेल तसा पिवळा. ती दाताशेजारी धरून रंग ठरवायचा आणि तो सगळ्यात आधी ठरवायचा, दात थुंकीने ओला असताना. तोंड उघडं राहिलं की दात सुकतो आणि सुकलेला दात आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. मग तुम्ही पांढरा रंग निवडता, रात्रीतून दात परत ओला होऊन आपल्या मूळ रंगावर येतो आणि तुमचं काम तेवढं पांढरंफटक उरतं. कॉलेजात शिकवतात ते नंतर. मला हे बाबांनीच शिकवलं होतं.

मी ओठ बाजूला धरणारं प्लॅस्टिक त्यांच्या तोंडात बसवलं, पट्टी धरली आणि म्हणाले, "ए-थ्री."

डावा हात वर. मी थांबले. "दुखलं?"

"ए-थ्री?" ओठ ताणलेले असताना माणूस जेवढं बोलू शकतो, त्यापेक्षा बाबा जास्त बोलतात. "मी काय तंबाखू खातो?"

"चहा पिता. दिवसभर."

"ए-टू."

"बाबा, ए-थ्री आहे."

परत डावा हात वर. आरसा मागितला. आरशात बघून म्हणाले की तुझा दिवा पिवळा आहे. मी दिवा बदलला. मग म्हणाले की तुझ्या ड्रेसचा रंग दातावर पडतोय. मी पांढरा कोट घातला. मग म्हणाले की पट्टीच जुनी आहे. मी दुसरी पट्टी आणली आणि तावातावाने त्यांना ऐकवलं, की ज्या माणसाने आयुष्यभर फक्त चंदेरी रंग वापरला त्याने मला रंग शिकवू नये. त्यांनी मला ऐकवलं, की फी भरून शिकलेल्या पोरीला पिवळा आणि पांढरा यांतला फरक कळत नाही. आमच्या मदतनीस मावशी मध्येच येऊन आमच्याकडे बघून परत गेल्या. हे सगळं चालू असताना बाबांचं तोंड सताड उघडं होतं.

शेवटी मी चिडून पट्टी दाताला लावली. ए-थ्री मळकट दिसत होतं. ए-टूसुद्धा. ए-वन मात्र चपखल बसत होतं. माझ्या डोळ्यांदेखत. क्षणभर मला वाटलं, अरे देवा, म्हाताऱ्याचंच बरोबर होतं, उलट कमीच सांगत होता. राग डोक्यात गेला की मला ओलं सुकं काही कळत नाही. मी ए-वन उचललं.

बाकी काम मी असं केलं की सांगता सोय नाही. दाताची कड तिरकी केली, निळं जेल लावून धुतलं, थर चिकटावेत म्हणून बाँडिंग लावलं, एकेक थर चढवला. टोकाला नैसर्गिक दातांना असते तशी हलकी निळसर झाक आणली. शेजारच्या दातावर एक बारीक रेघ होती, तशीच यावरही काढली. पॉलिश केल्यावर मी स्वतः भिंग लावून जोड शोधला आणि मला सापडला नाही. बाबांनी आरशात बघितलं, हं केलं आणि घरी गेले.

सकाळी मी लवकर येऊन बसले होते. बाबा दारातून आत आले आणि मला "काय गं" म्हणून हसले. एवढ्या लांबूनही दिसत होतं. दात रात्रीतून आपल्या चहाच्या रंगावर आला होता आणि त्याचा कोपरा तेवढा ट्यूबलाइट लावल्यासारखा पांढरा. बाजी गेली होती. खुर्ची त्यांच्याकडे राहणार होती आणि पोस्टातल्या बाईंचा ओठही.

बाबा त्यांच्या खुर्चीवर बसले, उजव्या हाताने आरसा घेतला आणि तोंडासमोर धरला. आरसा हलत होता. त्यांनी कोपर छातीला टेकवलं, तरी हलत होता. ते मान पुढे न्यायचे, तोवर आरसा बाजूला जायचा. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी गप्प बसले असते तर जिंकले असते. खरं सांगायचं तर तो विचार आलाही. पण चुकीच्या रंगाचा दात लपवून जिंकायचं म्हणजे पोस्टातल्या बाईंना हलू नका म्हणण्यासारखंच होतं. मी उठले, त्यांच्या हातातून आरसा घेतला आणि त्यांच्यासमोर स्थिर धरला.

"बघा. कोपरा पांढरा पडलाय. मी सुकलेल्या दातावर रंग ठरवला. हरले मी."

बाबांनी बघितलं. नीट बघितलं. ओठ वर ओढून, मान तिरकी करून, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या चांगल्या डोळ्यांनी बघितलं.

"मला नाही सापडत," ते म्हणाले.

"बाबा, आंधळ्याला दिसेल."

"नाही सापडत म्हणतोय ना. आरसा ठेव."

तेवढ्यात पोस्टातल्या बाई आल्या. ओठ बरा झाला होता, राहिलेलं काम पुरं करायचं होतं. त्यांनी बाबांकडे बघितलं आणि चप्पल काढता काढता थांबल्या. "अगंबाई! डॉक्टर, तो एवढासा तुकडा उसना आणलात की काय?"

"तुमचा चष्मा तपासून घ्या," बाबा म्हणाले. बाई सवयीने खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघाल्या. बाबा खुर्चीवरून उठले नाहीत. "तिकडे बसा. आत. आजपासून छोटीकडे."

"पण तुम्ही..."

"मी पडलो ना जिन्यावरून. आता मी पेशंट."

मी बाईंचं काम केलं. त्या अजिबात हलल्या नाहीत. बाबा पूर्ण वेळ खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघत बसले होते. बाई गेल्यावर ते उठले, माझ्या खुर्चीत येऊन झोपले, स्वतःच नॅपकिन गळ्याला अडकवला आणि म्हणाले, "चल, हे आधी काढ. रस्त्यात दोघांनी विचारलं."

"म्हणजे दिसत होतं तुम्हाला!"

"काल दात सुकत होता तेव्हाच कळत होतं. तू भांडत बसलीस. मला भांडायचंच होतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दिवा पिवळा, ड्रेस, पट्टी. लबाड म्हातारा. "मग सकाळी जिंकला होतात की!"

त्यांनी तोंड उघडलं. मी अंगठ्याने त्यांचा वरचा ओठ वर धरला आणि दुसऱ्या हातात रंगांची पट्टी घेतली. अजून मी काहीही सुरू केलं नव्हतं. मशीन जागेवर होतं. पट्टीसुद्धा दाताला लागली नव्हती.

बाबांनी डावा हात वर केला. तो हात अजिबात थरथरत नव्हता.

"दुखतंय?" मी विचारलं.

त्यांनी मान डोलावली. हो.

मी थांबले. नियम आहे. पट्टी ठेवली आणि तो वर केलेला हात धरला. आईशप्पथ, मला रडू आलं आणि मास्कमुळे नाक पुसता येईना. खिडकीजवळच्या खुर्चीवर त्यांचा कोट पडला होता. आम्ही दोघंही तिकडे बघत नव्हतो.

मग माझ्या अंगठ्यामागून आवाज आला, "बघत काय बसलीस, मूर्ख. रंग घे आधी. दात सुकतोय."