शेजारी बसणारा

“एवढं समदं आनायला त्याला कोन म्हनालं हुतं?” अंजनाकाकी पिशवीतून एकेक वस्तू काढून दिवाणावर मांडत होत्या. खजुराचे डबे, गुडघ्याला लावायचं मलम, नातवानं काढलेलं विमानाचं चित्र. “आनि तूबी कसा रं अफताब, कॅप्टन असून हमाली करतोस!”

“तिकडनं येणारा प्रत्येकजण हमालच असतोय काकी.”

काकी खळखळून हसल्या. अफताबही हसला, पण त्याचं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं.

अफताब कराडचा आणि काकींचा जयराज इथला, सांगलीच्या विश्रामबागेतला. दोघं आखातातल्या एकाच कंपनीची विमानं चालवायचे, अफताब कॅप्टन आणि जयराज को-पायलट. जो सुट्टीवर येईल त्यानं दुसऱ्याच्या घरी सामान पोचवायचं आणि जाताना घरचं खाणं घेऊन जायचं, हा त्यांचा जुना रिवाज. या वेळची पाळी अफताबची होती.

कॅप्टन म्हटलं की लोकांना टोपी दिसते, खांद्यावरचे पट्टे दिसतात. घर कंपनीचं, व्हिसा कंपनीचा, पोरांच्या शाळेची फी कंपनी भरणार आणि नोकरी सुटली की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, हे कुणाला दिसत नाही. युनियन हा शब्द तर त्या देशात दार लावून बोलायचा. अशात कंपनीनं नवा करार पाठवला. पगार तिसऱ्या हिश्शानं कमी, उड्डाणाचे तास जास्त, मधली विश्रांती तोकडी. खाली मोठ्या अदबीनं लिहिलं होतं की सही न केल्यास आपण राजीनामा दिला असे समजण्यात येईल. मुदत आज संध्याकाळपर्यंत होती आणि अफताबनं घरी बायकोला, फिरदोसला, यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

पगाराचं तो गिळला असता. माणूस काय काय गिळतो. पण तासांचं त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात अशाच एका ओढाताणीच्या आठवड्यात ते दोघं समुद्रावरून परतत होते. एकानं डुलकी काढायची आणि दुसऱ्यानं जागं राहायचं, एवढी मुभा असते. त्या दिवशी झोपायची पाळी जयराजची होती. अफताब जागा राहणार होता, पण राहिला नाही. रेडिओवर कुणीतरी त्यांना पुन्हा पुन्हा हाक मारत होतं. त्या आवाजानं तो दचकून उठला, तर शेजारी जयराजची मान छातीवर कलंडलेली आणि मागं विमानभर माणसं निवांत बसलेली. उतरल्यावर जयराजनं त्याला बाजूला घेतलं. “भाई, ह्यांनी आणखी तास वाढवले तर मी सही करणार नाही,” तो म्हणाला होता. अफताबनंही शब्द दिला होता. पुढं करार आला तेव्हा चाळीस पायलट एक झाले आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज जयराजचा होता. चाळीस जण अडून बसले तर कंपनीला नमावंच लागेल, असं तोच सगळ्यांना समजावायचा.

“तुला म्हनून सांगती,” काकी स्वयंपाकघरातून भडंगाचा डबा आणत म्हणाल्या, “लय घोर लागला हुता जिवाला. नोकरी जातीया का ऱ्हातीया. पर परवा फोन आला, आई, सही करून टाकली, आता काळजी करू नगंस. अफताबभाईला बोलू नगं म्हनाला. आता तुझ्यापास्नं काय लपवायचं? तूबी केली असशीलच की.”

अफताबनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. त्याला राग आला, इतका की कान तापले. परवा म्हणजे ज्या दिवशी जयराजनं पायलटांच्या ग्रुपवर ‘कुणीही मागे हटायचं नाही’ असं लिहिलं, तोच दिवस.

तेवढ्यात काकींचा फोन वाजला. जयराजच होता. “शंभर वर्सं आयुष्य हाय बघ तुला. ह्यो बघ कोन आलाय,” म्हणत काकींनी फोन अफताबच्या हातात दिला.

पडद्यावरचा जयराज आधी हसला. मग अफताबचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं.

“भाई... आई काय बोलली?”

“बोलल्या.”

जयराजच्या मागं त्याचा मुलगा अभ्यासाला बसलेला दिसत होता. “माझ्यानं झालं नाही, भाई,” जयराज हळूच म्हणाला. “शाळेचं वर्ष निम्म्यात हाय त्याचं. तुमी... अजून वेळ हाय. करून टाका ना. आपुन संगंच राहू.”

कचकचीत शिवी अफताबच्या जिभेवर आली होती. काकी समोर उभ्या राहून कौतुकानं दोघांकडं बघत होत्या. तो एवढंच म्हणाला, “तब्येतीला जप. ड्युटी नसंल तवा झोपत जा.” आणि त्यानं फोन बंद केला.

काकी जयराजसाठी भडंगाची पिशवी बांधायला खाली बसल्या. शेंगदाण्याची चटणी वेगळी, लसणाची वेगळी. “कवा निघनार तू?”

अफताबनं खिशातल्या फोनवर हात ठेवला. काकींनी मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं. त्या फौजीची बायको म्हणून जन्मभर नांदल्या होत्या. सुट्टीवर आलेल्या माणसाचा चेहरा त्यांना कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती.

“तू सही केली न्हाईस.”

“न्हाई काकी.”

“आनि करनारबी न्हाईस.”

“न्हाई.”

“तुमचं दोगांचं ठरलं हुतं काय?”

“त्याला लेकरू हाय काकी. त्याचं काय चुकलं न्हाई.”

“तुलाबी दोन हायत की रं,” काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. सुतळी हातात तशीच राहिली. पोराची बाजू घ्यावी की समोरच्याची माफी मागावी, हे त्यांना कळेना. रस्त्यावरून शिकवणीची पोरं सायकली हाकत, आरडाओरडा करत गेली. तो गलका थांबल्यावर त्यांनी विचारलं,

“मग आता इमानात त्याच्या शेजारी कोन बसनार?”

अफताबला माहीत होतं. सही केलेला कुणीतरी, जयराजइतकाच दमलेला.

“चांगली मानसं असत्यात काकी,” तो म्हणाला. “जागी असत्यात.”

काकींनी मान डोलावली. मग त्यांनी बांधायला घेतलेली पिशवी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी धरून तशाच बसून राहिल्या.