बनुबाईचं काय अडलं

नावाला हायस्कूल. बाकी चार खोल्या, एक लिंबाचं झाड आणि साऱ्या शाळेत मिळून तीन मुली. तासगावच्या बाजूला अशा शाळा तेव्हा नव्यानंच निघत होत्या. इमारतीला पैसा नव्हता, पण मंडळांना तोटा नव्हता. लेझीम मंडळ होतं, हस्तलिखित मंडळ होतं, बाग मंडळही होतं. बाग काही दिसत नसे, पण मंडळाची सभा दर शनिवारी भरे. ही सगळी हौस विष्णुपंत मास्तरांची. त्यांचं लाडकं मंडळ मात्र वक्तृत्वाचं, आणि त्या मंडळात बोलणारी मुलगी एकच, इंग्रजी पाचवीतली विजयमाला.

विजयमालाचे वडील हंबीरराव पलटणीत हवालदार होते. लढाईत पायाला गोळी लागली आणि ते लंगडत घरी आले. भाऊबंद त्यांना टोचून टोचून विचारत, ‘‘पोरीच्या जातीला इंग्रजी शिकवून काय इलायतंला सून म्हणून धाडायची हाय का?’’ हंबीरराव एवढंच म्हणत, ‘‘मॅट्रिक करणार. बोललो ते बोललो.’’ त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या रेघेच्या जोरावर विजयमाला रोज दोन गावं ओलांडून शाळेत येत होती.

संक्रांत सरली आणि शाळेचं स्नेहसंमेलन आलं. त्यात वादविवाद ठरला. विषय ‘मुलींनी मॅट्रिकपर्यंत शिकावे काय?’ मास्तरांचा नियम असा, की कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते चिठ्ठीनं ठरायचं. त्यांनी आपली काळी टोपी उलटी धरली. वकिलाच्या मुलानं, मधूनं, चिठ्ठी काढली, ती निघाली ‘शिकावे’. विजयमालाची ‘शिकू नये’.

पोरं खिदळली. मास्तरांनाही ते बरं दिसेना. ते म्हणाले, ‘‘विजयमाला, हवं तर अदलाबदल करा.’’ मधू लगेच उदार झाला. ‘‘घे की माझी. तुला सोपी जाईल.’’

हे ‘सोपी’ तिला झोंबलं. ‘‘नको सर,’’ ती म्हणाली, ‘‘निघाली ती निघाली.’’ बापाची लेक शोभली खरी, पण शहाणपण मात्र तिनं त्या दिवशी घरीच ठेवलं होतं.

संमेलनाला उसाच्या पाल्याचा मांडव घातला होता. पुढं सतरंजीवर पाहुणे, मागं पालक, आणि एका कडेला बायका. हंबीरराव पहिल्या ओळीत काठी आडवी ठेवून बसले होते. बनुबाई, विजयमालाची आई, बायकांत शेवटी. ती आयुष्यात पहिल्यांदाच शाळेत आली होती आणि पदर डोक्यावरून ढळू न देता सगळं बघत होती.

मधू आधी बोलला. त्यानं गार्गी आणली, मैत्रेयी आणली, एक संस्कृत श्लोक अर्धा म्हटला आणि उरलेला अर्धा आठवेपर्यंत घंटा झाली. मग विजयमाला उठली. तिनं श्लोक-बिक काही आणला नाही. म्हणाली, शिकलेली मुलगी चिखलात उतरत नाही, आणि तिला खुर्चीवर बसवील असं गावात कुणी नाही. मग ती धड ना इकडची, धड ना तिकडची. जावांना ती शहाणी वाटते, नवऱ्याला आगाऊ. बापड्या बापाला मात्र शिकलेला जावई शोधत जोडे झिजवावे लागतात. मांडव हसत होता, माना डोलवत होता. तिला चढत गेलं.

‘‘लांब कशाला,’’ ती म्हणाली, ‘‘माझ्या आईला अक्षर ओळखता येत नाही. वडील लढाईवर असताना घर, रान, गुरंढोरं तिनं एकटीनं सांभाळली. मला सांगा, तिचं काय अडलं?’’

टाळ्यांनी मांडवाचा पाला हलला. निकाल सांगायची गरजच उरली नाही. बक्षीस गावच्या बाळासो पाटलांनी दिलेलं होतं, लाल फेटा. मुलगी जिंकेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी फेटा तिच्या डोक्यावर ठेवावा की हातात द्यावा या विचारात दोनदा हात मागंपुढं केला आणि शेवटी तो हंबीररावांच्याच मांडीवर ठेवला. पुन्हा टाळ्या.

बैलगाडी गावाकडं निघाली. विजयमाला बापाच्या शाबासकीची वाट बघत होती. ती मिळालीही.

‘‘लय झ्याक बोललीस, पोरी,’’ हंबीरराव म्हणाले. ‘‘माझं डोळं उघडलं. भाऊबंद चार वर्सं हेच सांगत व्हते, म्या ऐकलं न्हाई. म्हणलं, अडाणी हाईत. पर तू तर पाच यत्ता इंग्रजी शिकलीस, आन् तूच म्हणतीस शिकू न्हाई, तर त्यात काय तरी असंल. सोमवारी येतो आन् नाव कमी करतो. पलूसचं एक स्थळ सांगून आल्यालं हाय, त्यास्नीबी निरोप धाडतो.’’

विजयमालाला वाटलं थट्टा आहे. पण हंबीररावांना थट्टा येत नसे.

‘‘आबा, ती चिठ्ठी निघाली म्हणून बोलले मी. माझं तसं मत न्हाई.’’

‘‘म्हंजी खोटं बोललीस?’’

‘‘खोटं न्हाई. वादविवादात बाजू असती.’’

‘‘सारं गाव बसलं व्हतं. पाटील व्हते. तितं बोललेला शब्द खरा का खोटा, यवढंच सांग.’’

खरा म्हणावा तर शाळा सुटते, खोटा म्हणावा तर बापाची मान खाली जाते. आईनं मध्ये पडावं म्हणून तिनं मागं बघितलं. बनुबाई रस्त्याकडं तोंड करून बसली होती.

रविवारी सकाळीच विजयमालानं गडी पाठवून मास्तरांना बोलावणं धाडलं. मास्तर सायकल हाणत आले. सोप्यात घोंगडीवर बसून त्यांनी हंबीररावांना वादविवाद म्हणजे काय ते समजावलं. दोन्ही बाजूंनी विचार करायची सवय लागते, बुद्धीला धार येते, वगैरे वगैरे.

‘‘मास्तर,’’ हंबीरराव शांतपणे म्हणाले, ‘‘कवायतीला आमी डावीकडं वळत व्हतो, उजवीकडंबी वळत व्हतो. पर गोळी एकाच बाजूला मारायची असती. दोन्हीकडं मारणाऱ्या शिपायाला कोर्टमार्शल करत्यात.’’

चहाची बशी खाली ठेवून मास्तर म्हणाले, ‘‘हवालदार, मग दुसरी बाजूही तिच्याच तोंडून ऐका. विजयमाला, ऊठ. बोल.’’

ती उठली. भिंतीला टेकून उभी राहिली. मांडवात इतक्या माणसांपुढं जिची जीभ अडखळली नव्हती, तिला घरच्या सोप्यात पहिलं वाक्य सापडेना. उसनं मत मांडणं सोपं होतं. हे तिचं स्वतःचं होतं, आणि ते हरलं तर उद्यापासून शाळा नव्हती. ‘‘आबा, मला शिकायचंय,’’ एवढं म्हणून तिला रडूच फुटलं.

‘‘ह्ये कारण न्हवं,’’ हंबीरराव म्हणाले. आवाज कठोर नव्हता, पण ते हलणार नव्हते.

तेवढ्यात आतल्या दाराच्या चौकटीत बनुबाई आली. पदर नीट केला आणि बाहेर न येता तिथूनच म्हणाली, ‘‘मास्तर, तुमच्या सभंत बायकास्नी बोलाया मुभा हाय का?’’

मास्तर गडबडीनं सावरून बसले. ‘‘आहे की. बोला वहिनी.’’

‘‘माझं काय अडलं म्हणून इचारलं हिनं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या, मला कुणी इचारलं न्हाई. म्हणून आता सांगती.’’ ती नवऱ्याकडं वळली. ‘‘आवं, तुमी पुण्याला इस्पितळात व्हता, तवा मी एक दिस उशिरा आलो.’’

‘‘म्हस व्याली व्हती,’’ हंबीरराव म्हणाले. हे घरात सगळ्यांना पाठ होतं. नवऱ्याच्या पायाची चिरफाड व्हायची होती आणि बायको म्हशीजवळ बसली होती, हे ते पाहुण्यारावळ्यांत हसत हसत सांगत, आणि त्यातलं हसू किती वरवरचं आहे हे विजयमालाला लहानपणीसुद्धा कळत असे.

‘‘म्हस न्हवती व्याली,’’ बनुबाई म्हणाली. ‘‘मी वक्तावर निघालो व्हतो. धाकल्या भावजींनी भिलवडीला गाडीत बसवलं. म्हणले, लय माणसं उतरतील, साहेबलोक उतरतील, त्ये पुणं. दिवं लागायच्या वक्ताला एक टेसन आलं. गोरी पोरं, टरंका, हमाल, ही गर्दी. मला वाटलं, हेच. उतरलो. टांगेवाल्याला म्हणलं, लष्कराच्या इस्पितळात सोड. त्यो हसाया लागला. म्हणला, बाई, ह्ये वाठार हाय, पुणं अजून लांब हाय, ही पोरं पाचगणीच्या शाळंला चालल्यात. तवर गाडी गेल्ती.’’

बनुबाईनं चौकटीला हात टेकला.

‘‘मग रातभर तितंच बसलो. टेसनाची पाटी व्हती ना, तिच्याच खांबाला टेकून. माझ्या हाताएवढी अक्षरं असतील. माझ्यासाठी भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा आन् ती अक्षरं, दोन्ही सारखीच. सकाळच्या गाडीनं पुण्याला आलो तवा तुमचं आपरेशन होऊन गेलं व्हतं. तुमी इचारलंत, आता सवड झाली व्हय? काय सांगणार व्हतो? म्हणलं, म्हस व्याली.’’

हंबीररावांनी काठी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. ‘‘मी तुझी वाट बघत व्हतो,’’ ते म्हणाले. ‘‘टेबलावर घेईपतुर बघत व्हतो.’’

‘‘ठावं हाय मला. नर्सबाईनं सांगितलं व्हतं.’’

मास्तर खाली बघत होते. हंबीरराव त्यांच्याकडं वळले.

‘‘मास्तर,’’ ते म्हणाले, ‘‘म्या एकाच बाजूचं ऐकून निकाल दिला. ती चूक माझी. पोरगी उद्या शाळंत येईल. पलूसला काय धाडायचं न्हाई.’’

विजयमालाला हवं होतं ते मिळालं होतं, तरी तिला मान वर करवेना. टाळ्या पडत होत्या, तेव्हा आई मांडवाच्या कडेला एकटी कशी बसली असेल, तेच तिच्या डोळ्यांपुढं येत होतं. मास्तर गेल्यावर ती आत गेली. बनुबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. विजयमाला तिच्याजवळ टेकली. ‘‘आई, चुकलं माझं,’’ असं काहीतरी पुटपुटली.

बनुबाईनं भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं.

‘‘पुढच्या वक्ताला कुठलीबी बाजू घे,’’ ती म्हणाली. ‘‘पर माझं काय अडलं आन् काय न्हाई, ह्ये मला इचारल्याबिगर लोकांना सांगू नगंस.’’