दुपारपर्यंतचं काम

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज. भिंतीतून उपटून काढलेली, चौकट मोडलेली, बिजागरीसुद्धा न उरलेली एक खिडकी भर वादळात उडी मारते आणि परत आपल्या जागी जाऊन उभी राहते, असं कधी ऐकलंय? नाही ना? मग ऐका. ती खिडकी मीच.

हो मित्रांनो, अंगणात ज्याच्याभोवती तुम्ही रोज वह्या पसरून बसता ते मी नुसतं टेबल नव्हे. मी एक जुनी खिडकी आहे. टेबल ही माझी उतारवयातली नोकरी. नीट पाहा, मधोमध उभा जोड दिसतो, तिथे माझ्या दोन झडपा एकमेकींना मिळतात. आणि ही लोखंडी कडी, जी तुमच्या वह्यांना सारखी आडवी येते, ती माझी. काढून टाका म्हणून कितीजण म्हणाले! पण भिंगरीचे आजोबा म्हणाले, राहू द्या. माझं पदकच आहे ते.

माझा एक पाय आखूड आहे, त्याखाली कागदाची घडी घातली आहे, तरी मी डुगडुगते. खरं सांगू? चारही पाय सारखे असते तरी मी डुगडुगले असते. चाळीस वर्षं उघड, मीट, उघड, मीट केल्यावर एका जागी पालथं पडून राहवतं का कोणाला? आताही वारा सुटला की माझ्या फळ्या शिवशिवतात. वाटतं, कोणीतरी मला धाडकन उघडावं.

असो. जन्माचं सांगते. ज्या झाडापासून मी झाले ते इतकं उंच होतं, की शेंड्यावरच्या कावळ्याला खाली यायला दोन दिवस लागत, आणि वाटेत एक मुक्काम करावा लागे. भिंगरी, हसू नकोस. मित्रांनो, या मुलीचं खरं नाव वेगळं आहे, पण ही एका जागी टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. या गोष्टीत तीही आहे. फक्त तेव्हा ती हातभर लांबसुद्धा नव्हती.

भिंगरीचे आजोबा घड्याळं दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागच्या खोलीत बिऱ्हाड, आणि त्या मागच्या खोलीची एकुलती एक खिडकी मी. सकाळी माझ्या फटीतून उन्हाची पहिली तिरीप पलंगाच्या पायाला लागली की सूर्य घरात आला असं समजायचं. तोवर तो बाहेर ताटकळत उभा. आजोबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "दुकानातली सगळी घड्याळं खोटं बोलतील, पण ही खिडकी बोलायची नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो.

पण वय कोणाला चुकलंय? माझ्या फळ्या दमट हवेत फुगायला लागल्या, कोरड्या हवेत आकसायला लागल्या. फटींत कागदाचे बोळे कोंबले गेले. बंद होत नाही म्हणून लाथ, उघडत नाही म्हणून लाथ. लाथा मारण्यात भिंगरीचा मामा पुढे. तो शाळेत गणित शिकवतो, पण माझ्याशी बोलताना सगळं गणित विसरायचा.

मग एक दिवस ठरलं, की खिडकी बदलायची. भिंगरीची आई, म्हणजे मामाची ताई, महिन्याभराने बाळ घेऊन या खोलीत राहायला येणार होती. बाळाला उजेड हवा आणि वारा नको. मी द्यायचे अगदी उलटं.

सुताराला बोलावलं. आजोबांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? घड्याळवालाच तो!

"किती वेळ लागेल?"

"काका, एका खिडकीला वेळ तो काय? सकाळी जुनी काढली, नवी लावली, दुपारपर्यंत काम खलास."

"दुपार म्हणजे किती वाजता?"

"दुपार म्हणजे दुपार हो, काका."

आजोबांना असली उत्तरं सोसत नाहीत. त्यांनी वहीत लिहून ठेवलं, 'दुपार, वेळ अनिश्चित.'

सुतार घाईत होता. कुठेतरी त्याचं दार अर्धवट लटकत होतं. आपली टेप मामाच्या हातात देऊन तो म्हणाला, "सर, माप घ्या आणि चिठ्ठी पाठवा. तुम्ही गणिताचे, तुम्हाला काय सांगायचं!" आणि गेला.

मामाने टेप ओढली. बघतो तर तिचे पहिले तीन इंच तुटलेले. आकडे तीनपासून सुरू! दुसरा असता तर फसला असता. मामा मनाशी हसला. माझी उंची टेपवर एक्कावन्न आली. त्याने त्यातून तीन वजा केले आणि चिठ्ठीवर झोकात लिहिलं, अठ्ठेचाळीस. रुंदीचंही तसंच. पाच मिनिटांचं काम. खाली रेघ मारून सहीसुद्धा केली पठ्ठ्याने.

आता वाट बघणं आलं. सुतार म्हणाला होता आठवडा. आठवड्याने निरोप आला, लाकूड ओलं आहे. पंधरा दिवसांनी निरोप आला, रंग ओला आहे. मग कळलं की सुतारच ओला झाला, म्हणजे पावसात भिजून तापाने पडला. आजोबा दुकानातून खोलीत, खोलीतून दुकानात. भिंतीवरची अठरा घड्याळं टिकटिक करत होती आणि एकोणिसावे आजोबा. आणि मी? मला जायचं आहे हे कळलं होतं, कधी जायचं ते कळत नव्हतं. त्या दिवसांत मी वारा नसतानाही वाजायचे.

बाविसाव्या दिवशी सकाळी आठला सुतार नवी खिडकी घेऊन हजर. काचेची, पांढरीशुभ्र, नाकावर माशी बसू न देणारी. ती भिंतीला टेकवली आणि सुताराने पहार उचलून मला काढायला घेतलं. मित्रांनो, इथेच चूक झाली. नवी लावून बघितली नाही, तिला नुसतं डोळ्यांनी पाहिलं आणि जुनी उखडली! माझ्या चौकटीचे दोन तुकडे झाले, भिंतीचा गिलावा विटांसकट ढासळला. बिजागऱ्या उपटून कचऱ्यात गेल्या. उचलायला सोपं जावं म्हणून माझ्या दोन झडपांवर आडवी पट्टी ठोकून मला खोलीतच एका कोपऱ्यात उभं केलं.

मग मामा मागच्या गल्लीत जाऊन उभा राहिला आणि सुताराने आतून नवी खिडकी भोकात लोटली.

"सर, धरली का?"

"धरली."

"कुठली बाजू धरली?"

"सगळ्याच धरल्या," मामा गल्लीतून म्हणाला. "अख्खी बाहेर आलीय."

भोकाच्या अलीकडे सुतार, पलीकडे मामा, मामाच्या कवेत नवी खिडकी, आणि मधे गाढवंसुद्धा हसतील असा प्रसंग.

"माप चुकवलंत, सर."

"मी? टेपचे तुटलेले तीन इंच वजा करून अठ्ठेचाळीस लिहिले होते!"

सुतार मटकन खाली बसला. "वजा केले होतेत? अहो, माझ्या टेपने घेतलेलं माप म्हणून तीन मीही वजा केले. सवयीने."

आजोबा दारात उभे होते. त्यांनी चष्मा पुसला. "दोघेही हुशार निघाले. एक जरी मूर्ख असता तरी खिडकी बसली असती."

"फटीत पट्ट्या ठोकून भागवू का?" मामाने विचारलं.

सुताराने भिंतीत बोट घातलं, मूठभर माती खाली आली. "ही काही धरायची नाही. नवी चौकट, मोठी. आठ-नऊ दिवस द्या."

भोकावर प्लास्टिक ठोकलं. बाळ यायलाही अजून तेवढेच दिवस होते, म्हणून सगळ्यांनी धीर धरला. पण तिसऱ्याच दिवशी दवाखान्याने ताईला घरी सोडलं. बाळ वेळेआधी आलं होतं. एवढंसं, मांजराच्या पिल्लासारखं. डॉक्टरांनी बजावलं होतं, याची छाती नाजूक आहे, वारा लागू देऊ नका, एकदा सर्दी धरली तर अवघड होईल. आणि पाळणा ठेवायला जागा कुठली? पुढची खोली म्हणजे दुकान, रस्त्याकडे सताड उघडं, धूळ आणि धूर. उरली ही खोली, जिच्या भिंतीत दाराएवढं भोक.

मामाची तहान-भूक गेली. शाळेतून आला की प्लास्टिकचे खिळे तपासायचा. जेवता जेवता उठायचा, परत तपासायचा. आजोबा त्याच्याशी बोलायचे नाहीत. एकदाच बोलले, "पोरांच्या वह्यांत लाल रेघा मारतोस ना? ही तुझी वही बघ," आणि भोकाकडे बोट दाखवलं.

ताई म्हणाली, "असू द्या हो बाबा. मुद्दाम का केलंय त्याने?"

मामा हातोडी घेऊन परत खिळ्यांकडे वळला.

बाळ आल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी तीनला, आभाळ एकदम काळवंडलं. मित्रांनो, ते वादळ! वाऱ्याने समोरच्या घराची वाळत घातलेली चादर उचलली, ती चार गल्ल्या पलीकडच्या माणसाच्या अंगावर व्यवस्थित पांघरूण म्हणून पडली आणि तो तिथेच झोपी गेला. प्लास्टिक फडफडलं, ताणलं आणि टर्रकन फाटलं. पाऊस आडवा आत आला. ताईने बाळाला छातीशी घट्ट धरून पाठ फिरवली. आजोबा दुकानाचं दार धरून उभे, ते सोडलं तर पुढूनही वारा. आणि मामा? मामा म्हणे सुताराला शोधायला गेला होता! ऐन वेळी पळाला म्हणा ना.

अशा वेळी कोण धावणार? मी! कोपऱ्यात उभी होते, सहा दिवस अंग आखडून. मी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा त्या गाठोड्याकडे. आणि मारली उडी! कोपऱ्यातून थेट भोकात. वाऱ्याला म्हटलं, "चाळीस वर्षं तुला ओळखते, माघारी जा." तो काही ऐकेना. त्याने धक्के दिले, मी पाय रोवले. मला पाय नव्हते तरी रोवले! सव्वादोन तास मी हलले नाही. सव्वादोन तासांनी वारा थकला, आणि बाळ सुखरूप झोपलेलं.

वादळानंतर तीन दिवसांनी, म्हणजे एकतिसाव्या दिवशी, मोठी चौकट आली, आणि तेव्हा मात्र खरोखर दुपारपर्यंत काम झालं. बारा वाजून चाळीस मिनिटांनी. आजोबांनी घड्याळ पाहून लिहिलं. कोणी विचारलं, खिडकी बदलायला किती वेळ लागतो, की ते अजून ती वही उघडून दाखवतात, 'एकतीस दिवस आणि सव्वादोन तास.' ते सव्वादोन तास वेगळे का लिहिले, ते मात्र सांगत नाहीत. पण तुम्हाला कळलं असेलच. माझ्या मानासाठी!

तेव्हा मित्रांनो, एवढीच विनंती. जुन्या वस्तूंचे उपकार विसरू नका. माझ्यावर गरम कप ठेवू नका, कर्कटकाने नावं कोरू नका. आणि ज्या अंगाने मी त्या बाळाला वाचवलं, त्या अंगाला वर्षातून दोनदा तेल चोळा. तेलाची वाटी मी आजच मागवून ठेवली आहे, ती बघा, भिंगरीच्या हाताशी...

"खोटं!"

कोण बोललं? भिंगरी, खाली बस. गोष्ट संपायची आहे.

"खोटं, खोटं, खोटं! तुला बिजागरी नव्हती, पाय नव्हते, तू उडी कशी मारशील? आणि मामा पळाला नव्हता. त्याने तुला उचलून भोकाला लावलं आणि पाठीने दाबून धरलं, सव्वादोन तास. आईने सांगितलंय. त्याच्या पाठीवर वण आहे, डाव्या खांद्याखाली, या कडीच्या आकाराचा. मी मोजलाय, आणि माझी पट्टी तुटकी नाहीये. हे तेल मी नेते. मामा शाळेतून येईल एवढ्यात, त्याच्या पाठीला लावायचंय."