बारकीचे हात

प्रात्यक्षिकाच्या खोलीत जमिनीवर रबरी पुतळा आडवा ठेवला होता. भूल देणाऱ्या मॅडम मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना, हृदय थांबलं तर छाती कशी दाबायची ते शिकवत होत्या.

"कोपर वाकवू नका. जोर खांद्यातून येऊ द्या. खऱ्या माणसाची बरगडी मोडली तरी थांबायचं नाही."

बारकीची पाळी आली. अंगाने काडी, म्हणून वर्गाने पाडलेलं नाव. तिने पुतळ्याच्या छातीवर तळहात ठेवले आणि तशीच बसून राहिली.

"दाब की," मागून कोणीतरी म्हणालं. "गोंजारतेयस काय त्याला?"

दोघंतिघं हसले.

"बरगडी मोडते ना, ते कानाच्या आधी हाताला कळतं," ती म्हणाली.

हसू तिथंच विरलं. मॅडमनी मुलांना बाहेर पाठवलं आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

बारकीने सांगितलं. ती सुट्टीत घरी असताना तिचे वडील जेवता जेवता कोसळले होते. पहिल्या वर्षी एकदा दाखवलं होतं तेवढ्या शिदोरीवर तिने छाती दाबायला घेतली, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडली नाही. वडील गेले. आई तेव्हापासून येईल त्याला सांगत होती, हिनेच त्यांची छाती मोडली.

"खरं सांगा मॅडम. माझ्यामुळे गेले?"

"नाही. तू हात लावलास तेव्हा हृदय थांबलेलंच होतं. बरगड्या मोडल्या, कारण तू हवं तेवढं दाबलंस."

"आईला सांगाल हे?"

मॅडमनी आईला बोलावून घेतलं, पुतळ्यापाशी बसवून सगळं समजावलं.

"कळलं मला," शेवटी आई म्हणाली. "पण हिने ताट वाढलं की घास उतरत नाही. नजर हातांवरच जाते."

"तिचा दोष नाही हे कळतंय, मग लोकांना असं का सांगता?"

"न सांगून काय करू? चांगला धडधाकट माणूस, उगाच गेला म्हणू?"

आई उठली. दारात बारकीने पिशवी घ्यायला हात पुढे केला. आईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि जिना उतरून गेली.

बारकी आत आली, पुतळ्यापाशी गुडघ्यांवर बसली. कोपर ताठ, दाब नीट पडत होता. मॅडम मोठ्याने मोजत राहिल्या.

पुढच्या सुट्टीत वसतिगृहातच राहायची परवानगी मागायला ती मॅडमकडे आली. मॅडमनी सही केली. घरी का जात नाहीस, असं विचारलं नाही.