येऊन राह्यली

रुपालीचं म्हणणं एवढंच असे की ज्याचा मान त्याला मिळावा. आता हे ती दर वेळी स्वतःबद्दलच म्हणत असे, ती गोष्ट वेगळी. कुणाच्या लग्नात आपल्याला कितव्या पंगतीला बसवलं, हळदीकुंकवाला कुणाच्या कपाळाला आधी बोट लागलं, बारशाच्या पेढ्यांचा डबा कुणाकडे भरून गेला आणि आपल्याकडे अर्धा आला, सगळं तिच्या डोक्यात जमा-नावे होऊन बसलेलं असे. तिचा नवरा जीवन चिखलीजवळ शेडनेटच्या हिरव्या जाळीखाली मिरची-टमाट्याची रोपं तयार करून विकायचा. तो म्हणायचा, "तुह्या डोक्यावर शेडनेट हाये व. आत गेलेलं काहीच उडून जात नाही."

पण सगळ्यांत मोठी बाकी होती ती समीक्षाकडे.

समीक्षा म्हणजे शाळेतली तिची एका बाकावरची मैत्रीण. पुण्याला शिकायला गेली ती तिकडचीच झाली, आईबापही घर विकून तिच्यामागे गेले. तिथं तिनं चार पोरं जमवून 'लाही' नावाचा रॉक बँड काढला, आणि त्यांचं एक गाणं असं काही चाललं की वरातीतल्या डीजेवाल्यांनाही ते वाजवल्याशिवाय भागेना. गाण्याचं धृपद दोनच शब्दांचं होतं: "येऊन राह्यली." समीक्षा ते ओरडायची, खाली ड्रम धाडधाड वाजायचे आणि समोरची पोरं डोकी झटकायची.

रुपालीच्या मते ते दोन शब्द तिचे होते. शाळेत जाताना समीक्षा रोज सायकल घेऊन फाटकाशी यायची. घंटी वाजवून ओरडायची, "रुपे, चाल ना व!" आणि रुपाली आतून, एका हातात वेणी आणि दुसऱ्या हाताला तेल, उत्तर द्यायची, "येऊन राह्यली!" हे म्हटल्यावर तिला फाटकाशी यायला किती वेळ लागे ते समीक्षाला ठाऊक, आणि शाळेच्या दारात छडी घेऊन उभ्या असणाऱ्या सरांना ठाऊक.

गाणं गाजल्यावर रुपालीनं ही गोष्ट ब्यूटी पार्लरात सांगितली, भिशीत सांगितली, दळण टाकायला गेल्यावर गिरणीतही सांगितली. भिशीत गीताबाई होत्या. अर्जुनराव म्हणजे गावातले धान्याचे मोठे व्यापारी, त्यांच्या या मंडळी. त्यांनी चिवडा खाता खाता विचारलं, "तुह्याच शब्द कशावरून? आपल्याकडं तं कुत्र्यालेबी विचारलं तं थो म्हणन येऊन राह्यलो." सगळ्या हसल्या. रुपालीही हसली. पण तो चिवडा तिला आजतागायत पचलेला नव्हता.

म्हणून 'लाही'चा कार्यक्रम मे महिन्यात चिखलीतच, कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या मैदानात होणार, आणि तो अर्जुनरावांचं मित्रमंडळ ठेवणार असं कळलं तेव्हा रुपालीला वाटलं, आता हिशेब होईल. समीक्षानं स्टेजवरून, सगळ्या गावासमोर आणि मुख्य म्हणजे गीताबाईंसमोर, नुसतं आपलं नाव घ्यावं. बाकी काही नको.

समीक्षाचा फोनही आला. "रुपे, एक काम होतं व."

"बोल ना. कुरडया तळून ठेवू का आमरसासोबत? दोन दिवस राह्यशील ना?"

"मी बँडसोबत लॉजवर राहीन. पण अनुपमा म्हणून एक आहे, आमच्या प्रत्येक शोला येते. तिची सोय तुझ्याकडं करशील?"

रुपालीनं "हाव" म्हटलं आणि फोन ठेवला. मैत्रीण यायची ती लॉजवर, आणि मैत्रिणीची चाहती आपल्या घरी!

अनुपमा एसटीनं आली. मे महिन्याच्या उन्हात काळा टीशर्ट, काळी पँट, पायात बूट. लोक दुपट्ट्यानं डोकं बांधून सावलीनं चालत होते आणि ही रस्त्याच्या मधून. दिसायला गोड होती, हे रुपालीनं पाहिलं आणि नावे टाकलं. वागायलाही गोड निघाली. आल्या आल्या "ताई, मी चहा करू का?" म्हणाली. तेही नावे गेलं.

जेवताना दोघींची जुंपली. वरून सगळं गोडच, आमरसासारखं.

"समीक्षा शोच्या आधी आंबा खात नाही," अनुपमा म्हणाली. "गळ्याला जड पडतो. कोमट पाणी आणि ज्येष्ठमध, बस."

"असं का?" रुपालीनं तिच्या वाटीत आणखी रस ओतला. "आमच्या घरी तं कोयीसुद्धा चाटून ठेवायची. झगाभर रस सांडायचा."

"ती स्टेजवर जाण्याआधी पाच मिनिटं कुणाशी बोलत नाही. फक्त माझा हात धरते."

"शाळेत गॅदरिंगले घाबरून तिले उलटी झाली होती. माह्या ओढणीवर."

जीवन खाली मान घालून भुरका मारत होता. कोणती बाई पुढे आहे ते त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

मग रुपालीचं लक्ष अनुपमाच्या हाताकडे गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत ठळक अक्षरांत गोंदवलेलं होतं: येऊन राह्यली.

"हे काय व?"

अनुपमाचा चेहरा उजळला. "माझं सगळ्यात आवडतं गाणं! किती खोल आहे ना ताई? एक मुलगी लहान गावातून शहरात येते, सगळे तिला हसतात, पण ती परत जात नाही. येऊन... राहिली. आली आणि टिकली. मी नोकरीसाठी पुण्याला आले तेव्हा रोज रडायचे. हे गाणं ऐकलं आणि ठरवलं, आपणही राहायचं."

रुपालीनं हातातली कुरडई ताटात ठेवली. आली आणि राहिली! अगं बाई, त्याचा अर्थ 'येतेय' एवढाच आहे, अजून निघालेसुद्धा नाही असा आहे, हे ओठांवर आलं होतं. पण तिनं ते परत गिळलं. असा ऐवज एकट्यात खर्चायचा नसतो. समीक्षासमोर, चारचौघांत, हळूच काढू.

"छान हाये," ती म्हणाली. "पक्कं हाये ना? धुतल्यानं जात नाही ना?"

"नाही ताई, कायमचं!"

"मंग तं लयच छान."

संध्याकाळी निघताना अनुपमानं एक पास काढून दिला. "समीक्षानं तुमच्यासाठी मुद्दाम सोफ्याचा दिलाय. म्हणाली, मधल्या सोफ्यावर बसव तिला आणि तिथून उठू देऊ नकोस."

"आणि तू?"

"मी पुढे कठड्याला. उभ्यानं."

रुपालीनं पास पर्समध्ये टाकला. सोफा! म्हणजे आपण आता विहिणीच्या खात्यात गेलो.

मैदानात टँकरनं पाणी मारलेलं होतं, तरी दिवसभर तापलेली जमीन पायाखाली धगधगत होती. पुण्या-मुंबईचे, जालन्याचे, अकोल्याचे अशी काळ्या टीशर्टातली पोरंपोरी आधीच गर्दी करून होती. पण कार्यक्रम अर्जुनरावांचा होता, त्यामुळे स्टेजसमोर आधी सोफे, मग खुर्च्या, मग महिलांसाठी सतरंज्या अशी लग्नासारखी मांडणी होती, आणि ज्यांना नाचायचं होतं त्यांना सोफ्यांच्या पुढची एक चिंचोळी पट्टी आणि पार मागचं मैदान राहिलं होतं. गिटारी जोडून तयार होत्या, ड्रमवाला काड्या फिरवत बसला होता, आणि माइकवर निवेदक म्हणत होता, "दीपप्रज्वलनानंतर सत्काराचा छोटेखानी कार्यक्रम होईल."

छोटेखानी कार्यक्रम संपता संपेना. मागून पोरं ओरडायला लागली. शाल, नारळ, टोपी. शाल, नारळ, टोपी. ड्रमवाल्याच्या अंगावरही शाल पडली, आणि त्या उकाड्यात तो बिचारा ती काढायची की ठेवायची अशा विचारात घाम पुसत राहिला.

रुपाली मधल्या सोफ्यावर होती. शेजारी गीताबाई, पदरानं वारा घेत. "काय व," त्यांनी विचारलं, "आज तुह्या शब्दाची बाई तुले ओळख देईन ना?"

"पाहा तं खरं," रुपाली म्हणाली.

तेवढ्यात माइकवर अर्जुनराव आले. "आमच्या गावावर प्रेम करून, एवढ्या उन्हातान्हात खास पुण्याहून आलेल्या निस्सीम चाहत्या, कुमारी अनुपमाताई!" आणि अनुपमा लाजत, काळ्या टीशर्टावर शाल, हातात नारळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गीताबाईंनीसुद्धा.

"हे तुह्याच घरी उतरली ना?" गीताबाई म्हणाल्या. "चांगली पोरगी हाये."

ज्यांच्या घरी जेवली त्यांचं नाव नाही, आणि जेवणारीला शाल! रुपालीच्या कानशिलांतून वाफ निघायची बाकी होती.

मग एकदाचा दणका बसला. पहिल्याच ठोक्याला सोफा हादरला, गीताबाईंचा हात गळसरीवर गेला, आणि समीक्षा धावत पुढे आली. बारीक केस, उघडे दंड, पण चालणं तेच, थोडं डावीकडे झुकलेलं, दप्तराच्या ओझ्याचं. पोरं उड्या मारत होती, धुळीचा लोट दिव्यांत सोनेरी दिसत होता, आवाज छातीत शिरून आतून ढोसत होता. दोन गाणी ती स्वतःला विसरली. पायसुद्धा हलला तिचा.

तिसऱ्या गाण्यात समीक्षा स्टेजच्या कडेला आली, खाली वाकली आणि कठड्याशी उभ्या अनुपमाचा हात धरून गाऊ लागली. सगळ्यांचे मोबाइल त्या दोन हातांवर.

रुपाली उठली.

"कुठं चालली व?" गीताबाई म्हणाल्या.

"गरम होऊन राह्यलं." आणि सतरंज्यांवरची लेकरं ओलांडत, खुर्च्या सरकवत ती पार मागे बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशी गेली. तिथं जीवन उभा होता. "काय झालं? सोफा टोचला का?" त्यानं विचारलं. तिनं कालाखट्टा मागितला आणि अशी चोखायला लागली की बर्फानंच काही गुन्हा केला असावा.

समोर गाणं संपलं. समीक्षा पाणी प्यायली, आणि माइकमध्ये पुण्याची सगळी भाषा बाजूला ठेवून म्हणाली, "चिखलीवाले हो, आता तुमचं गाणं. पण आधी एक सांगतो. बाहेर लोक मले म्हणतात, काय खोल अर्थ हाये, आली अन् राह्यली. मी काही बोलत नाही. खोल तं खोल."

मैदान हसलं.

"पण इथं तं खोटं चालत नाही ना? माही मैत्रीण होती, रोज तिच्या फाटकात घंटी वाजवून माह्या सायकलची घंटी खराब झाली. ते आतून म्हणे, येऊन राह्यली! अन् आतमधी वेणीचा पत्ता नाही. तिच्या पायी मी रोज छड्या खाल्ल्या. पण पुण्यात मले जेव्हा लय एकटं वाटे ना, तेव्हा कान त्याच आवाजाकडं लागत. कोणीतरी म्हणावं, थांब, येऊन राह्यली. त्याचं हे गाणं हाये. रुपाली तिचं नाव. आज मी तिले मधातल्या सोफ्यावर बसवून ठेवलं, म्हणजे अंधारातबी दिसली पाह्यजे. रुपे! चाल ना व, वर ये!"

मोठा दिवा सर्रकन सोफ्यावर गेला. तिथं गीताबाई होत्या, आणि शेजारी गीताबाईंची पर्स.

रुपालीच्या हातातला गोळा गळून पडला. काय करावं हे डोक्याला सुचायच्या आत तोंडानं आपली जुनी सवय पाळली. ती जिवाच्या आकांतानं ओरडली,

"येऊन राह्यली!"

जवळच्या पोरांना वाटलं, गाणं सुरू झालं. त्यांनी ते उचललं. त्यांच्या पुढच्यांनी उचललं. बघता बघता सगळं मैदान "येऊन राह्यली!" करून ओरडायला लागलं, ड्रमवाल्यानं ते ऐकून काड्या हाणल्या, गिटारी पेटल्या. त्यात रुपालीचा आवाज कोणता हे देवालाही निवडता आलं नसतं. ती गर्दीत घुसली. पोरं उड्या मारत होती, कुणाचं कोपर, कुणाचा खांदा. पुढे जीवन, दोन्ही हात पसरून ओरडत होता, "सरका हो, नवरीची मैत्रीण हाये, जाऊ द्या!" कार्यक्रम लग्नाचा नाही हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

कठड्याशी पोचली तेव्हा शेवटचा ठोका पडला होता. साडीच्या निऱ्या एका हातात, बोटं जांभळी. समीक्षानं खाली पाहिलं, आणि ती इतकी हसली की तिला माइक बाजूला धरावा लागला. "पाहा," ती गावाला म्हणाली, "आजबी!" मैदान फुटलं. सगळ्यांत मोठ्यानं गीताबाई हसल्या. आणि पुढचं गाणं सुरू झालं.

नाव मिळालं होतं. सगळ्या गावासमोर, रीतसर, माइकवरून. फक्त ते घ्यायला ती जागेवर नव्हती.

शेजारी अनुपमा शालीत हात गुंडाळून उभी होती. तिचे डोळे ओले होते. "ताई, तुम्हाला जेवतानाच माहीत होतं?"

"हाव."

"मग सांगितलं का नाही?"

"मोठ्या हौसेनं गोंदलं होतं ना तू," रुपाली म्हणाली. समीक्षासमोर काढायचा ठेवलेला ऐवज समीक्षानंच उधळून टाकला होता, आणि रुपालीला त्याची काही मजा आली नव्हती.

अनुपमा हाताकडे पाहत म्हणाली, "मी एवढ्या शोंना गेले. तिनं आजपर्यंत माझं नाव एकदाही माइकवर घेतलेलं नाही."

हे ऐकून रुपालीला जो गारवा वाटला तो कालाखट्ट्यानंही दिला नव्हता. तिनं जीवनचा रुमाल घेऊन अनुपमाला दिला. गारव्याच्या बदल्यात एवढं द्यायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडची गाडी पुण्याला परतताना फाटकाशी थांबली. अनुपमाही तीतूनच जाणार होती. हॉर्न वाजला आणि मागोमाग हाक, "रुपे, चाल ना व, तोंड तं दाखव!"

रुपाली आत आरशासमोर होती, अर्धी वेणी हातात, दुसऱ्या हाताला तेल. शब्द जिभेवर आले. पण ओसरीवर बुटाची नाडी बांधत बसलेल्या अनुपमानं त्याआधीच, अगदी चिखलीच्या हेलात, मान वर न करता सुरात ओरडून दिलं,

"येऊन राह्यली!"

बाहेर समीक्षा खळखळून हसली. "अरे वा! आता बरोबर म्हटलं!"

रुपाली वेणी तशीच सोडून, अनवाणी, अनुपमाच्या पायावरून उडी मारून धावत सुटली आणि तिच्या आधी फाटकाशी पोचली. आयुष्यात पहिल्यांदा.